ठाण्या-नवी मुंबईतून रोबोबोटची टीम काढताय? मग हे आधी वाचा

ज्युनियर मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दादा, थ्रस्टर कुठला घेऊ?" थ्रस्टर (बोट ढकलणारी मोटर आणि प्रोपेलर) घेऊ रे, पण आधी सांग बोट पाण्यात टाकणार कुठे? हा प्रश्न सप्टेंबरात कोणालाच पडत नाही आणि जानेवारीत सगळ्यांना पडतो, तोवर कोड लिहून झालेला असतो, बोटीवर स्पॉन्सरचे स्टिकर पण लागलेले असतात, फक्त बोट सलग अर्धा तास पाण्यात चाललेली नसते. म्हणून खाली स्टेप्स ज्या क्रमाने दिल्यात त्या क्रमानेच कामं सुरू करा, ज्या क्रमाने मजा येते त्या क्रमाने नको.

ज्यांना स्पर्धाच माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रोबोबोट ही रोबोनेशन नावाची अमेरिकन संस्था घेते, २००८ पासून चालू आहे. विद्यार्थ्यांनी बनवलेली छोटी बोट रिमोट न वापरता स्वतःच कॅमेरा-जीपीएसच्या जोरावर बोयांमधून (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांमधून) जाते, अडथळे चुकवते, डॉकला म्हणजे धक्क्याला लागते, ठरलेल्या जागी वस्तू टाकते. अलीकडे फ्लोरिडातल्या सॅरासोटाला नेथन बेंडरसन पार्कच्या तलावात होते, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. तलाव रोइंगचा आहे, २०१७ ची जागतिक रोइंग चॅम्पियनशिप तिथेच झाली होती, म्हणजे पाणी आपल्या तळ्यांपेक्षा खूप मोकळं आणि वारा अंगावर येणारा. याच संस्थेची रोबोटएक्स म्हणून मोठी स्पर्धा आहे, त्यात वॅम-व्ही नावाची १६ फुटी बोट लागते, पहिल्या वर्षी तिच्या नादाला लागू नका. आणि अमेरिकेचा खर्च झेपणारच नसेल आणि पाण्याखालचा रोबोट चालणार असेल तर चेन्नईच्या एनआयओटी या समुद्र तंत्रज्ञान संस्थेची सेव्ह ही विद्यार्थ्यांची स्पर्धा बघा.

## १. रूलबुक छापून काढा

पीडीएफ फोनवर वाचलं म्हणजे वाचलं असं होत नाही. प्रिंट काढा, स्पायरल करा, हायलायटर मारा. यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ बघून टास्क समजून घेऊ नका कारण टास्क दरवर्षी थोडे थोडे बदलतात.

अलीकडच्या रूलबुकांत बोट ६ फूट लांब, ३ फूट रुंद, ३ फूट उंच एवढ्या खोक्यात बसावी लागते आणि वजन १४० पौंडांच्या आत, म्हणजे साधारण ६३ किलो. पण ६३ किलोपर्यंत जायचा विचारच करू नका, हलक्या बोटीला पॉइंट जास्त असतात आणि तुम्हाला ती विमानात पण घालायचीय. वजनाचा हिशोब पहिल्या दिवसापासून एका शीटमध्ये ठेवा, स्क्रूसकट.

पॉइंट फक्त पाण्यातले नसतात. टेक्निकल डिझाइन रिपोर्ट, टीमची वेबसाइट, व्हिडिओ आणि तिकडे जजेससमोरचं प्रेझेंटेशन, या सगळ्याला मार्क आहेत, आणि खरं सांगायचं तर नवीन टीमला मार्क मिळवायची सगळ्यात खात्रीची जागा हीच. रिपोर्टमध्ये आम्ही हा सेन्सर लावला तो सेन्सर लावला अशी यादी कोणाला नको असते. कुठले टास्क करायचे ठरवले, कुठले सोडले आणि का, टेस्टिंगमध्ये काय दिसलं हे हवं असतं. म्हणून पहिल्याच मीटिंगमध्ये ठरवून टाका की काय सोडणार. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी गेटमधून सरळ जाणं, बोयांचा रस्ता आणि डॉकिंग, बास. बॉल फेकणारी यंत्रणा, पाण्याची पिचकारी वगैरे दिसायला भारी असतं पण बोट सरळ रेषेत जात नसताना पिचकारीचं काय करायचंय.

एक गोष्ट इथे खूप जण गृहीत धरतात. लाल बोया कुठल्या हाताला आणि हिरवा कुठल्या, हे रूलबुकातल्या आकृतीवरूनच घ्या. समुद्रात बोये लावायच्या दोन पद्धती आहेत, भारत ए विभागात येतो आणि अमेरिका बी विभागात, आणि दोन्हीकडे लाल-हिरव्याच्या बाजू बरोब्बर उलट्या आहेत. कोणाचे काका मर्चंट नेव्हीत असतील तर ते लाल डावीकडे सांगतील आणि त्यांचं चूक नसेल, पण आकृती बघा.

## २. टीम: प्रत्येक कामाला दोन माणसं

मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, सॉफ्टवेअर हे सगळेच करतात. चौथा गट कागदपत्रांचा हवा आणि तो शोभेचा नको, परवानग्या, बिलं, स्पॉन्सर, व्हिसा, रिपोर्टच्या तारखा हे पूर्ण वेळेचं काम आहे.

प्रत्येक कामाला दोन माणसं यासाठी की सगळ्यांना व्हिसा मिळेलच असं नाही. ज्याच्या एकट्याच्या लॅपटॉपवर कोड चालतो तोच जर मागे राहिला तर बाकीचे तिकडे जाऊन फक्त फोटो काढतील. शिवाय मुंबई युनिव्हर्सिटीच्या परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरात, नेमक्या टेस्टिंगच्या ऐन मोसमात येतात, आणि फायनल इयरवाले तेव्हा प्लेसमेंटला पळत असतात. सेकंड इयरची पोरं जास्त घ्या, त्यांना वेळ असतो आणि पुढच्या वर्षीही ती असतात.

फॅकल्टी सर किंवा मॅडम निवडताना तीन गोष्टी बघा: सही वेळेवर करतात का, रविवारी तळ्यावर येतील का, आणि पासपोर्ट आहे का.

## ३. पाणी शोधा आणि परवानगीला आजच लागा

ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात म्हणून आपल्याला वाटतं जाऊ आणि टाकू. तसं होत नाही. तलाव महापालिकेचे आहेत, काही ठिकाणी बोटिंगचा ठेका दिलेला असतो, आणि बॅटरीवाली, वायरी लटकणारी, स्वतःहून फिरणारी वस्तू पाण्यात दिसली की वॉचमन शिट्टी मारणारच, त्याचं बरोबर आहे.

मासुंदा म्हणजे तलावपाळी: पाणी मोठं, पण बोटिंग चालतं, संध्याकाळी जत्रा असते आणि वायफायची एवढी गर्दी की टेलिमेट्री (बोट आणि लॅपटॉपमधला रेडिओ संवाद) गुदमरते. मागितलं तर पहाटेचं मागा. उपवन मोकळं आहे, एका बाजूला येऊरचा डोंगर, जीपीएसला आकाश छान मिळतं, पण संध्याकाळी तिथेही पाय ठेवायला जागा नसते. शहरातली छोटी तळी, कचराळी वगैरे, जवळ आहेत पण आजूबाजूच्या बिल्डिंगांमुळे कधीकधी जीपीएस उड्या मारतो आणि चालायला येणारी आजी-आजोबा मंडळी प्रश्न विचारून विचारून तुमची बॅटरी संपवतात (प्रश्नांची उत्तरं द्या बरं का, पुढे कोणी तक्रार करायला निघालं तर हेच आजोबा तुमच्या बाजूने बोलतात).

नवी मुंबईत होल्डिंग पाँड आहेत, नेरूळचं ज्वेल सगळ्यांना माहिती आहे. एक लक्षात घ्या, हे पाँड पूर रोखायला बांधलेत आणि खाडीला जोडलेले आहेत, त्यामुळे भरती-ओहोटीप्रमाणे पाणी वर-खाली होतं आणि गाळ साचून बऱ्याच ठिकाणी खोली कमी झालीये. जाण्याआधी भरतीचं टाइमटेबल बघा. ओहोटीला बोट चिखलात बसली की ती काढायला उतरणारा माणूस पण बसतो.

खुद्द खाडीत जाऊ नका. ठाणे खाडीचा मोठा पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसार स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) पण आहे, कांदळवनाचा कायदा वेगळा, ओढ जबरदस्त. आणि पावसाळ्यात भरलेल्या दगडखाणींत तर अजिबात नाही, कितीही शांत पाणी दिसू दे, काठ सरळ खाली गेलेला असतो आणि दरवर्षी कोणीतरी बुडल्याची बातमी येते.

कॉलेजचा किंवा एखाद्या सोसायटीचा स्विमिंग पूल मिळाला तर घ्या. बोट गळते का, वजन नीट वाटलंय का, किल स्विच (बोट तात्काळ बंद करायचं बटण) चालतो का, हे सगळं तिथे होतं. छत असेल तर जीपीएस विसरा.

परवानगीसाठी पालिकेत जाताना आधी एवढंच विचारायला जा की हा तलाव कुठल्या खात्याकडे आहे, उद्यान, पर्यावरण की आणखी कोणी, कारण चुकीच्या टेबलावर दिलेलं पत्र परत यायला महिना लागतो. सोबत हे ठेवा:

- कॉलेजच्या लेटरहेडवर प्रिन्सिपलच्या सहीचं पत्र, दोन प्रती, एकीवर इनवर्डचा शिक्का आणि नंबर घ्या
- बोटीचा फोटो, मापं, वजन, आणि ठळक अक्षरात "इंजिन नाही, इंधन नाही, तेल नाही, बॅटरीवर चालते"
- कुठल्या तारखा, कुठली वेळ, किती जण. तारखा जास्त मागा
- सगळ्यांचे कॉलेज आयडी, जबाबदार शिक्षकांचा नंबर
- सुरक्षेची यादी: लाइफ जॅकेट, पोहणारी माणसं, दोर, इमर्जन्सी बटण

परवानगीची एक झेरॉक्स जवळच्या पोलीस स्टेशनला द्या आणि एक वॉचमनकाकांना. तोंडी "करा, काही हरकत नाही" म्हणणारा माणूस तुम्ही जाता त्या दिवशी नेमका रजेवर असतो, त्यामुळे कागद हातात हवा.

कॅलेंडरही बघा. जून ते सप्टेंबर पाऊस, त्यात गणपती, मग दिवाळीनंतर छठ, या दिवसांत तळी आपली नसतात. म्हणजे खरं पाणी मिळतं ते ऑक्टोबर ते जानेवारी, त्यातून परीक्षा वजा करा. पावसाळा सिम्युलेशन आणि बांधणीला वापरा.

## ४. पहिली बोट पीव्हीसी पाइपची

हल म्हणजे बोटीचं तरंगणारं अंग, ते डिझाइन करण्यात तीन महिने घालवू नका. प्लंबिंगच्या दुकानातून १६० मिमीचा पीव्हीसी पाइप आणा, सव्वा मीटरच्या आतले दोन तुकडे, चारी टोकांना एंड कॅप सोल्युशनने चिकटवा, वर अॅल्युमिनियमची चौकट किंवा प्लाय. हिशोब सोपा आहे: १.२ मीटरचा असा एक पाइप पूर्ण बुडाला तर साधारण २४ लिटर पाणी बाजूला सारतो, म्हणजे दोन पाइप अर्धे बुडालेले असताना २४ किलो तरंगतात. पाइपांचं स्वतःचं वजन धरूनही इलेक्ट्रॉनिक्स आरामात बसतं.

ही बोट कुरूप असते, वळायला सुस्त असते, पण सॉफ्टवेअरवाल्यांना ऑक्टोबरात पाण्यावर काहीतरी मिळतं. हल बनवणारे निवांत हल बनवतात, कोडवाले कोड टेस्ट करतात, भांडणं कमी होतात.

## ५. खरा हल

दोन हलांची कॅटामरान घ्या. स्थिर राहते, मध्ये सेन्सरला जागा मिळते, आणि दोन थ्रस्टर दोन बाजूंना लावले की रडरची म्हणजे सुकाणूची कटकट नाही. फोमचा ब्लॉक गरम वायरने कापून वर फायबरग्लास, ही पद्धत घरच्या घरी जमते. इथे सगळ्यात महागातली चूक म्हणजे रेझिन. दुकानदार स्वस्त म्हणून पॉलिस्टर रेझिन देतो, ते थर्माकोल आणि एक्सपीएस फोम दोन्ही खाऊन टाकतं, डोळ्यांदेखत खड्डा पडतो. इपॉक्सीच घ्या. आणि इपॉक्सी जुलैच्या दमट हवेत लावलं तर वर चिकट पांढुरका थर येतो, त्यावर पुढचा थर नीट धरत नाही, त्यामुळे हे काम एकतर मे महिन्यात उरका नाहीतर एसी असलेल्या खोलीत करा. ग्लोव्हज, मास्क, फुल बाह्या. फायबर घासताना जी खाज सुटते ती दोन दिवस जात नाही.

हल तीन तुकड्यांत उघडेल असाच बनवा. का ते स्टेप ११ मध्ये येईल.

सामान कुठून: इलेक्ट्रॉनिक्सला लॅमिंग्टन रोड, इलेक्ट्रिकलला लोहार चाळ, नटबोल्ट आणि हत्यारांना नागदेवी. अॅल्युमिनियम कापणं, वाकवणं, वेल्डिंग यासाठी वागळे इस्टेट किंवा रबाळे-महापे एमआयडीसीत फिरा. मोठ्या कारखान्यात कोणी दोन तुकड्यांसाठी मशीन थांबवणार नाही, छोट्या गाळ्यात जा, ड्रॉइंग कागदावर न्या, मापं मिलिमीटरमध्ये, आणि कॉलेजच्या नावाने जीएसटी बिल आधीच मागा, काम झाल्यावर मागितलं की चहा मिळतो पण बिल मिळत नाही.

## ६. वायरिंग आणि किल स्विच

यात कंजुषी नको, कारण तिकडे पहिली तपासणी याचीच होते आणि त्यात नापास झालात तर पाण्यात उतरूच देत नाहीत.

बोटीवर हाताने दाबायचं मोठं लाल बटण हवं आणि शिवाय लांबून बंद करायचा वायरलेस किल हवा. दोन्हींनी थ्रस्टरची वीज खरोखर तुटली पाहिजे, सॉफ्टवेअरने "थांब" म्हणणं चालत नाही. कॉम्प्युटर मात्र चालू राहू दे, नाहीतर दरवेळी बूट होईपर्यंत तुमचा पाण्यातला वेळ संपतो.

ब्लू रोबोटिक्सच्या टी२०० सारखा थ्रस्टर १६ व्होल्टला पाच किलोच्या थोडा वर जोर देतो पण फुल थ्रॉटलला २४ अँपिअरच्या आसपास ओढतो. दोन लावले की ४८. आता अर्डुइनोच्या किटमध्ये येतो तो निळा १० अँपिअरचा रिले यात लावलात तर त्याचे कॉन्टॅक्ट वितळून चिकटतात आणि मग बटण दाबूनही बोट थांबत नाही. डीसीला चालणारा दणकट कॉन्टॅक्टर (मोठा करंट तोडणारा विजेवरचा स्विच) घ्या, लाल बटणातून फक्त त्याच्या कॉइलची वायर न्या, आणि बटण एनसी म्हणजे नॉर्मली क्लोज्ड घ्या, म्हणजे वायर तुटली तरी बोट थांबेल, पळणार नाही. वायरलेसचं पण तसंच, रिमोट बंद झाला किंवा रेंज गेली तर कॉन्टॅक्टरने वीज तोडलीच पाहिजे. तळ्यावर रोज सकाळचं पहिलं काम हेच: बोट स्टँडवर, थ्रस्टर हळू चालू, रिमोटची बॅटरी काढा. थांबले? मगच पाण्यात.

बाकी थोडक्यात. बॅटरीजवळ फ्यूज. जाड सिलिकॉन वायर. प्लस-मायनसच्या वायरी एकमेकींवर पिळून न्या आणि जीपीएस-कंपास मास्टवर उंच लावा, कारण कंपासजवळून ४० अँपिअर गेले की त्याला उत्तर कुठे ते कळेनासं होतं, बोट गोल गोल फिरते आणि सॉफ्टवेअरवाले दोन दिवस कोड तपासत बसतात. खोकी आयपी६७ (पाणी-धूळ आत न घेणारी) घ्या पण भोकं पाडल्यावर ती आयपी६७ राहत नाहीत, प्रत्येक वायरीला केबल ग्लँड लावा. आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि टिश्यू पेपरचा एक तुकडा ठेवा, पाणी आलं की तो आधी सांगतो.

लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी वापरात नसताना प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा. फुल चार्ज करून हॉस्टेलच्या कपाटात ठेवू नका, फुगलेली बॅटरी तर विमानात पण नको आणि बोटीत पण नको.

## ७. रेडिओ: इथे भले भले अडकतात

बाजारात मिळणारी टेलिमेट्रीची किट्स बहुतेक ९१५ किंवा ४३३ मेगाहर्ट्झची असतात. ९१५ अमेरिकेत मोकळी आहे, आपल्याकडे नाही, इथे तो पट्टा मोबाइलवाल्यांच्या शेजारी येतो. आपल्याकडे विनापरवाना ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आहे, ती अमेरिकेत चालत नाही. म्हणजे इथे ज्यावर टेस्ट केलं ते तिकडे बेकायदेशीर आणि तिकडचं इथे. सरळ उपाय म्हणजे रिमोट आणि टेलिमेट्री दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर घ्या, लॅपटॉपची लिंक ५ गिगाहर्ट्झवर. दोन्हीकडे तोच सेट चालतो. स्पर्धेच्या काठावर सगळ्या टीमचे रेडिओ एकदम चालू असतात, म्हणून लिंक तुटली तरी बोट स्वतःचं काम पूर्ण करेल असाच कोड हवा.

## ८. सॉफ्टवेअर

पिक्सहॉक हा कंट्रोलर बोर्ड आणि त्यावर अर्डुपायलट या ऑटोपायलटचं रोव्हर फर्मवेअर, फ्रेम क्लास २ म्हणजे बोट, सर्व्हो फंक्शन ७३ डावा आणि ७४ उजवा थ्रस्टर. एवढ्यावर लॅपटॉपवरच्या मिशन प्लॅनर सॉफ्टवेअरमधून पॉइंट देऊन बोट फिरायला लागते. पीआयडी (वेग आणि दिशा सावरणारा कंट्रोल कोड) स्वतः लिहायचा हट्ट पहिल्या वर्षी सोडा. वर विचार करायला जेटसन ओरिन नॅनो किंवा रास्पबेरी पाय ५ हा छोटा कॉम्प्युटर, त्यावर रॉस २ ही रोबोटची सॉफ्टवेअर प्रणाली, आणि तिला पिक्सहॉकशी जोडणाऱ्या मॅव्हरॉसमधून गाइडेड मोडला हुकूम. पावसाळ्यात घरी बसून अर्डुपायलटचं सिम्युलेटर आणि गझीबो या सिम्युलेटरवरचं व्हीआरएक्स चालवा, व्हीआरएक्स रोबोटएक्ससाठी बनवलंय पण बोयांमधून रस्ता काढायचा कोड त्यात छान तपासता येतो.

कॅमेऱ्याचं सांगतो. लाल-हिरवा ओळखणं लॅबमध्ये दहा मिनिटांचं काम वाटतं, तळ्यावर सकाळी चालतं, दुपारी पाण्यावर ऊन चमकायला लागलं की बंद पडतं, आणि संध्याकाळी काठावरच्या भेळवाल्याची लाल छत्री म्हणजे बोया असं बोटीला वाटतं. नुसत्या रंगावर विसंबू नका, योलोसारखं फोटोतल्या वस्तू ओळखणारं मॉडेल ट्रेन करा आणि त्यासाठी फोटो वेगवेगळ्या वेळी, ढगात, उन्हात, पाण्याच्या पातळीवरून काढा, काठावर उभं राहून काढलेले फोटो कामाचे नाहीत. लेन्सवर पोलरायझर लावा. कॅमेऱ्याचं ऑटो एक्स्पोजर काय खेळ करतंय ते बघा. रूलबुकात बोयांचे नेमके मॉडेल दिलेले असतात, ते इथे मिळाले नाहीत तर त्याच मापाचे पेंटचे रिकामे डबे झाकण सील करून, रंगवून, खाली विटेचं वजन बांधून सोडा. दिवस संपला की मोजून परत काढा, नाहीतर पुढची परवानगी विसरा.

प्रत्येक रनचा लॉग आणि व्हिडिओ जपून ठेवा, रिपोर्टमधले आलेख यातूनच येतात. ड्रोनने शूटिंग करायची हौस असेल तर आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-साइटवर झोन बघा, मुंबई आणि नवी मुंबई दोन्ही विमानतळ जवळ आहेत.

## ९. तळ्यावरचा दिवस

टेम्पो आदल्या दिवशी ठरवा आणि घोडबंदर रोडने यायचं असेल तर सातच्या आत निघा, नंतर काय होतं ते तुम्हाला माहितीच आहे.

न्यायच्या वस्तू: लाइफ जॅकेट, लांब नायलॉनचा दोर, अॅलन की, चिमटा, कात्री, जादा प्रोपेलर, मल्टिमीटर, टॉवेल, छत्री, पाणी, लायपो ठेवायची पत्र्याची पेटी. चिमटा आणि कात्री यासाठी की आपल्या तळ्यांत निर्माल्याचे दोरे, मांजा, पिशव्या आणि जलपर्णीची मुळं असतात आणि ती सगळी थ्रस्टरलाच गुंडाळली जातात. करंट अचानक वाढलेला दिसला की आधी प्रोपेलर बघा.

पहिले काही दिवस बोट दोराला बांधूनच चालवा. बोटिंगवाल्यांशी ओळख ठेवा, मध्यभागी बोट अडकली तर तेच आणून देतात. पोहून आणायला कोणी उतरायचं नाही, हा नियम लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.

एकाने वहीत लिहायचंच काम करायचं: कितीला टाकली, काय बदललं, काय झालं. एका वेळी एकच गोष्ट बदला.

## १०. व्हिसा आणि कागद

पासपोर्ट नसेल तर वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्राची अपॉइंटमेंट पहिल्या महिन्यातच घ्या. रजिस्ट्रेशनची फी डॉलरमध्ये जाते, कॉलेजच्या अकाउंटवरून पाठवायची तर बँक ए२ फॉर्म (परदेशी पैसे पाठवायचा) आणि कारण मागते, अकाउंट्सवाल्यांना आधी सांगून ठेवा.

व्हिसा बी१/बी२ लागतो. प्रत्येकाचा वेगळा डीएस-१६० फॉर्म, आधी बोटांचे ठसे-फोटो, मग बीकेसीतल्या कॉन्सुलेटमध्ये इंटरव्ह्यू. फी परत मिळत नाही, आणि तारखा कधी महिनोन् महिने मिळत नाहीत. फी आणि नियम अधिकृत साइटवरच बघा. जवळ ठेवा:

- पासपोर्ट, किमान सहा महिने वैध, आणि जुना असेल तर तोही
- डीएस-१६० चं कन्फर्मेशन पेज, अपॉइंटमेंटचं पत्र, २ बाय २ इंचाचा फोटो
- आयोजकांचं इन्व्हिटेशन लेटर (रजिस्ट्रेशन झालं की लगेच मागा)
- कॉलेजचं बोनाफाईड आणि एनओसी, त्यात परत येऊन कुठल्या सेमिस्टरला बसणार ते लिहिलेलं
- खर्च कोण करणार त्याचे कागद, पालकांचे किंवा स्पॉन्सरचे
- मार्कशीट

इंटरव्ह्यूत बोटीबद्दल दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. मेकॅनिकलच्या पोराने "मी फक्त हल केला" म्हणून गप्प बसू नये, स्पर्धा काय आहे हे सगळ्यांना सांगता यायला हवं. एजंटला पैसे देऊ नका, फॉर्म तुम्ही स्वतः भरू शकता.

सर गाडी चालवणार असतील तर त्यांचं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आरटीओतून फॉर्म ४ए भरून काढून ठेवा. २५ वर्षांखालच्या ड्रायव्हरला तिकडे भाड्याच्या गाडीवर सहसा जादा पैसे लावतात, म्हणून स्टिअरिंग सरांकडेच बरं.

## ११. बोट विमानात

चेक-इन बॅग सहसा २३ किलोची आणि लांबी-रुंदी-उंची मिळून १५८ सेंटिमीटर. ६ फुटी अखंड हल यात बसत नाही, कार्गोने पाठवायचा तर खर्च आणि वेळ दोन्ही हाताबाहेर जातात. म्हणून तीन तुकडे. तिकीट काढण्याआधी प्रत्येक तुकडा खोक्यात घालून वजनकाट्यावर ठेवून बघा.

लायपो चेक-इनमध्ये चालत नाहीत, हातातल्या बॅगेतच. १०० वॉट-अवरपर्यंतच्या चालतात, १०० ते १६० च्या मध्ये एअरलाइनची आधी परवानगी आणि माणशी जास्तीत जास्त दोन, १६० च्या वर प्रवाशाला नेताच येत नाहीत. हिशोब व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर: फोर-एस (चार सेलची) म्हणजे १४.८ व्होल्ट, ६००० एमएएच असेल तर ८८.८, आरामात, १०००० एमएएच असेल तर १४८, म्हणजे परवानगीचं पत्र हवं. त्यामुळे बोट डिझाइन करतानाच दोन छोट्या बॅटऱ्या पॅरलल लावायचं ठरवा. कनेक्टरवर टेप, प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत, लेबलवर वॉट-अवर वाचता येईल असे. लेबल पुसलेलं असेल तर सिक्युरिटीवाला तुमचं गणित ऐकून घेणार नाही.

जेटसन, कॅमेरा, लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर), थ्रस्टर अशा महागड्या वस्तूंची सिरियल नंबरसकट यादी करा आणि निघताना एअरपोर्टच्या कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, म्हणजे परत येताना ड्युटीचा प्रश्न येत नाही. हे बॅगा चेक-इन करायच्या आधी करायचं असतं कारण ते वस्तू बघायला मागतात, त्यामुळे विमानतळावर नेहमीपेक्षा दीड-दोन तास आधी पोचा. सामान खूपच मोठं असेल तर फिक्की या उद्योग संघटनेकडून एटीए कार्नेट (सामान तात्पुरतं नेऊन परत आणायचा कस्टम्सचा कागद) काढता येतं, पण त्यासाठी डिपॉझिट किंवा बँक गॅरंटी लागते, पहिल्या वर्षी सर्टिफिकेट पुरतं.

## १२. तिकडे पोचल्यावर

टॅम्पाला उतरून गाडीने सॅरासोटा साधारण तासभर. पहिला दिवस जोडाजोडीत आणि तपासणीत जातो.

तिकडे वीज १२० व्होल्ट. लॅपटॉपचे चार्जर चालतात, लायपोच्या चार्जरवर १०० ते २४० लिहिलंय का बघा. आपली नेहमीची २३० व्होल्टची २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न तिथे जेमतेम पाव ताकदीने तापते, सोल्डर वितळतच नाही. टाइप-सीवर चालणारी आयर्न न्या. गॅसवाली विमानात चालत नाही. एम३-एम४ चे स्क्रू पिशवीभर न्या, तिकडच्या दुकानात इंचातलेच जास्त मिळतात.

पाण्यात गेल्यावर कंपास पुन्हा कॅलिब्रेट करा, कॅमेऱ्याने नवीन फोटो काढा आणि रात्री मॉडेलला तेवढे फोटो खाऊ घाला, कारण तिथलं पाणी आपल्या तळ्यांसारखं हिरवं नसतं. पहिल्या सरावात फक्त पहिलं गेट करा. ते सलग जमायला लागल्याशिवाय पुढच्या टास्कचा कोड बोटीवर चढवू नका, कोणी कितीही "अरे फक्त एक लाइन बदललीये" म्हणालं तरी. आणि शेजारच्या टीमकडे जा, गप्पा मारा, जादा प्रोपेलर मागा, लोक देतात, तुम्हीही द्या.

परतीच्या आदल्या रात्री लायपो स्टोरेज व्होल्टेजवर आणा, फुगलेल्या असतील त्या तिथेच बॅटरी रिसायकलिंगला द्या, आणि एक्स्पोर्ट सर्टिफिकेटची मूळ प्रत चेक-इन बॅगेत न टाकता हातातल्या बॅगेत ठेवा, मुंबईत कस्टम्सच्या टेबलावर तीच मागतात.